आजोबांच्या पेनीसारखी पेनी: झिजलेलंच नाणं घ्या, पण पारखून घ्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. विलायतेच्या फेऱ्या संपवून ते कायमचे गावी परतले तेव्हा त्यांच्या कनवटीला एक मोठं, तांबूस काळं पडलेलं इंग्रजी नाणं होतं. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन बसलेली बाई. लहानपणी तुमच्या बाबांना ती भवानीच वाटायची. संध्याकाळी ओटीवर बसून आजोबा ते नाणं अंगठ्याने चोळत असायचे. पुढे जुनं घर उतरवताना ते हरवलं. आता बाबांच्या पंचाहत्तरीला तुम्हाला तसंच नाणं द्यायचं आहे. एका विक्रेत्याने तुम्हाला सांगितलं की झिजलेल्या नाण्याला काही किंमत नसते, घ्यायचं तर चकचकीत घ्या, आणि त्या चकचकीत नाण्याचे त्याने भरपूर पैसे सांगितले. त्याचं ऐकायचं का, असं तुम्ही विचारता.

नका ऐकू. झिजलेलंच घ्या.

तीस वर्षं मी जुनी नाणी घेतो, विकतो, लोकांना पारखून देतो. संग्राहक नाणं घेतो तेव्हा त्याला टांकसाळीतून निघाल्या दिवशीचं नाणं हवं असतं. तुम्हाला हवं आहे ते हजारो हातांतून जाऊन शेवटी एका माणसाच्या अंगठ्याखाली गुळगुळीत झालेलं. या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चकचकीत पेनी बाबांच्या हातावर ठेवलीत तर ते म्हणतील, छान आहे. ओळखणार मात्र नाहीत, कारण त्यांच्या आठवणीत तिचा तसा रंगच नाही.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी आठवण नीट तपासून घ्या. लहान मुलाच्या तळहातावर कुठलंही नाणं मोठं वाटतं. गावाकडच्या आठवणीत ढब्बू पैसा, राणीछाप रुपया आणि इंग्रजी पेनी यांची सहज सरमिसळ होते. मी लोकांना एक साधी युक्ती सांगतो. जाड पुठ्ठ्याच्या तीन चकत्या कापा: एक २० मिलिमीटर व्यासाची, एक साडेपंचवीसची, एक जवळजवळ ३१ची. पहिली फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. दुसरी अर्धी पेनी. तिसरी पूर्ण पेनी. १९३६ पर्यंत या तिन्ही नाण्यांवर तीच त्रिशूळवाली बाई बसलेली होती, म्हणून नुसत्या चित्रावरून नाणं ठरत नाही. बाबांना विचारलंत तर भेटीचं गुपित फुटेल. पण तुम्ही आत्याचा उल्लेख केला आहे. आत्यांना डोळे मिटायला सांगा आणि चकत्या एकेक करून त्यांच्या हातात द्या. डोळ्यांना माप नीट आठवत नाही, बोटांना आठवतं, असा माझा अनुभव आहे. घरात राणीछाप रुपया असेल तर तोही दाखवा. पेनीचा घेर जवळजवळ त्याच्याएवढाच असतो.

त्रिशूळवाली बाई म्हणजे ब्रिटानिया. ब्रिटन या देशाला दिलेलं ते स्त्रीरूप आहे: डोक्यावर शिरस्त्राण, एका हातात त्रिशूळ, दुसरा हात ढालीवर. तुमच्या बाबांना तिच्यात भवानी दिसली यात नवल काहीच नाही.

आता राजा. तुमचे आजोबा बोटीवर होते त्या काळात इंग्लंडच्या बाजारात एकाच वेळी चार राजाराण्यांच्या पेन्या फिरत होत्या. १८६० मध्ये तांब्याची जाड पेनी जाऊन ब्राँझची हलकी पेनी आली, तेव्हापासूनची सगळी नाणी १९७१ पर्यंत चालू होती. म्हणून एका मुठीत व्हिक्टोरियाची पार सपाट झालेली पेनी आणि सहाव्या जॉर्जची नवी पेनी सोबत सापडायची. ओळखायचं असं: व्हिक्टोरिया ही राणी, तिचा प्रश्नच नाही. सहावा जॉर्ज दाढीमिशांशिवाय. उरले दोन दाढीवाले, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज. एडवर्डला टक्कल आहे आणि तो नाणं बघणाऱ्याच्या उजवीकडे पाहतो. पाचव्या जॉर्जच्या डोक्यावर केस आहेत आणि तो डावीकडे पाहतो. एडवर्डच्या पेन्या १९०२ ते १९१० या काळातल्या, जॉर्जच्या १९११ ते १९३६ या काळातल्या. आत्यांना एवढंच विचारा की राजाला टक्कल होतं का.

अजून एक प्रश्न जरूर विचारा: बाईच्या मागे मनोरा होता का? व्हिक्टोरियाच्या १८९४ पर्यंतच्या पेनीवर ब्रिटानियाच्या मागे दीपस्तंभ आणि पुढे जहाज आहे. १८९५ ला दोन्ही काढून टाकले. १९३७ ला दीपस्तंभ परत आला, जहाज आलं नाही. म्हणजे दाढीवाला राजा असेल तर दीपस्तंभ नसणार. आत्या म्हणाल्या की दाढीही होती आणि मनोराही होता, तर आठवणीत दोन नाणी मिसळली आहेत. तसं असलं तरी निराश होऊ नका, कदाचित आजोबांच्या कनवटीला दोन नाणी असतील.

तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. बाबा म्हणायचे की बाईच्या पायाखाली साल होतं आणि 'सालाच्या शेजारी एक अक्षर होतं'. हे अक्षर खरंच असेल तर तुमचा शोध खूप सोपा होतो. पाचव्या जॉर्जच्या काळात लंडनच्या टांकसाळीवर कामाचा भार फार झाला, तेव्हा काही पेन्या बर्मिंगहॅमच्या खासगी कारखान्यांकडून पाडून घेतल्या. हीटनच्या टांकसाळीने सालाच्या डावीकडे 'एच' हे अक्षर टाकलं, ते १९१२, १९१८ आणि १९१९ या तीनच सालांत. किंग्ज नॉर्टनच्या कारखान्याने 'के एन' टाकलं, १९१८ आणि १९१९ मध्ये. एकच अक्षर आठवत असेल तर ते 'एच', आणि बहुतेक करून साल १९१२, कारण त्या वर्षी हीटनने दीड कोटीहून जास्त पेन्या पाडल्या. १९१८-१९ च्या 'एच' आणि 'के एन' पेन्या त्या मानाने कमी आहेत आणि महाग मिळतात. खलाशाच्या हाती सहज आलेली पेनी १९१२ चीच असण्याचा संभव जास्त. मी तुमच्या जागी असतो तर १९१२ ची 'एच' पेनीच शोधली असती.

या हीटनबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्मिंगहॅमजवळ सोहो इथे मॅथ्यू बोल्टनची टांकसाळ होती. वाफेच्या इंजिनावर नाणी पाडण्याचं काम तिथे सुरू झालं. आपल्या मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ आणि १७९४ साली जे तांब्याचे पैसे आणले, एका बाजूला कंपनीची खूण आणि दुसऱ्या बाजूला तराजू असलेले, ते याच सोहोच्या टांकसाळीत पाडलेले. ती बंद पडल्यावर १८५० मध्ये तिथल्या यंत्रांचा लिलाव झाला आणि काही यंत्रं राल्फ हीटनने घेतली. त्यातूनच त्याची टांकसाळ उभी राहिली. कोकणातल्या बाजारात एके काळी खुळखुळलेला तराजूचा पैसा आणि तुमच्या आजोबांची 'एच' पेनी यांचं असं दूरचं नातं आहे.

'झिजलेलं' या शब्दात बरंच काही दडलेलं असतं, आणि खरी पारख इथेच लागते. प्रामाणिक झीज एका क्रमाने येते. सगळ्यात उंच भाग आधी जातो: राजाची भुवई, कानाची पाळी, मिशी, मग दाढीचे केस. दुसऱ्या बाजूला ब्रिटानियाची छाती आणि गुडघा, मग ढालीवरच्या रेघा. अक्षरं आणि साल खोलात, कडेच्या आडोशाला असतात, म्हणून ती शेवटपर्यंत टिकतात. कडाही त्याच प्रमाणात बोथट होते. सगळं नाणं हातात साबणाच्या वडीसारखं मऊ लागतं आणि रंग सगळीकडे सारखा, चॉकलेटी तपकिरी असतो. हे नाणं खिशातून, गल्ल्यातून, हातातून फिरलेलं आहे.

याउलट चेहरा सपाट पण कडा धारदार, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे खड्डे, रंग गुलाबीसर किंवा चट्ट्याचट्ट्यांचा असं दिसलं तर ती झीज नव्हे. ते नाणं जमिनीत पुरलेलं होतं, आम्लात बुडवलेलं होतं किंवा कुणी घासून काढलेलं आहे. असं नाणं अस्सल असू शकतं, पण त्याच्यावर माणसांच्या हाताचा इतिहास नसतो, आणि तुम्हाला तर तोच हवा आहे.

पाचव्या जॉर्जच्या पेनीत एक खास भानगड आहे, ती माहीत नसली की विक्रेता आणि ग्राहक दोघेही फसतात. या नाण्यावर राजाचं डोकं मोठं आणि चांगलं उठावाचं आहे. शिक्का मारताना धातू त्या खोल साच्यात ओढला जायचा, मग पाठीमागच्या ब्रिटानियाला पुरेसा धातू उरत नसे. परिणामी कित्येक पेन्यांवर ती पहिल्या दिवसापासूनच पुसट उमटलेली आहे. काही नाण्यांवर तर तिच्या मागे राजाच्या डोक्याची अंधूक सावली दिसते. १९२८ पासून डोकं लहान केलं, तेव्हा हा दोष बराच कमी झाला. म्हणजे १९१२ ची पेनी राजाच्या बाजूने बरी आणि बाईच्या बाजूने सपाट दिसली तर ती खोटी आहे असं समजू नका. आणि ती सावली दिसली तर नक्की बाबांना दाखवा. आजोबांच्या नाण्यावरही ती असण्याची दाट शक्यता आहे.

अस्सल-नकलीची भीती इथे फार नको. जी पेनी कोट्यवधींनी पाडली गेली, एकट्या १९१७ सालात १० कोटींहून जास्त, तिची झिजलेली नक्कल करून कुणाला काय मिळणार? तरी घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. वजन: नवी पेनी ९.४ ग्रॅमची, चांगली झिजलेली ९ ग्रॅमच्या आसपास भरते. छोटा डिजिटल काटा पुरतो. दुसरं लोहचुंबक: ब्राँझ म्हणजे बहुतेक तांबं, थोडं कथील आणि जस्त, ते चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर तिथेच सोडा. कुणी १९३३ ची पेनी देऊ लागला तर मात्र पुढे बोलूच नका. त्या सालच्या पेन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाडल्या होत्या.

आपल्याकडे खरी फसवणूक वेगळ्या रस्त्याने होते. 'ब्रिटिशकालीन नाणं' म्हटलं की लोक रामदरबार, हनुमान किंवा कमळ छापलेली आणि १८१८, १८३९ अशी सालं टाकलेली 'ईस्ट इंडिया कंपनी'ची तांब्याची जाड चकती पुढे करतात. कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत, ती सगळी अलीकडे बनवलेली आहेत. दुसरा प्रकार म्हणजे उभ्या ब्रिटानियाचा चांदीचा व्यापारी डॉलर. हे नाणं अस्सल आहे आणि १८९५ पासून ते मोठ्या प्रमाणात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतच पाडलं जाई. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक 'बी' असतो तो मुंबईचा. पण ते नाणं पूर्वेकडच्या व्यापारासाठी होतं, इंग्लंडच्या दुकानात ते चालत नव्हतं, आणि आज त्याच्या नकला पोत्याने मिळतात. त्रिशूळवाली बाई एवढ्याच खुणेवरून कुणी तुमच्या गळ्यात तो मारू नये म्हणून सांगून ठेवतो.

घ्यायचं कुठे? पुण्यात राहत असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर माराच. परदेशी नाण्यांच्या ढिगात इंग्रजी पेन्या निघतात, कारण बोटीवरच्या आणि लष्करातल्या माणसांनी त्या खिशात टाकून आणल्या होत्या. अशा ढिगातून मिळालेली पेनी कुठल्या तरी तुमच्या आजोबांसारख्या माणसाबरोबरच इकडे आलेली असते. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात आवडतो. फक्त ढिगातून उचलताना तोंडावर उत्साह दाखवू नका, भाव चढतो.

तुमचा मावसभाऊ लेस्टरला आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे काम आणखी सोपं. इंग्लंडमध्ये नाणे-विक्रेत्यांच्या टेबलावर झिजलेल्या पेन्यांचा एक डबा असतो, त्यातली साधी पेनी पौंडा-दोन पौंडात मिळून जाते. सालाच्या शेजारी 'एच' असली तर थोडे जास्त मागतील. व्यापाऱ्यांची तिकडे ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशन नावाची संघटना आहे, तिचा सदस्य असलेला विक्रेता निवडला की मनाला घोर राहत नाही. भावाला सांगा, एक घेऊ नको, पाच-सहा घे. टपालखर्च एका नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि पाच-सहा नाणी हातात आली की तुम्हाला बोटांनी निवडता येईल. उरलेल्या पेन्या भावंडांत वाटा.

ऑनलाइन घेणार असाल तर ज्या नाण्याचा फोटो, तेच नाणं मिळणार का हे लेखी विचारा. 'यासारखं नाणं मिळेल' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंचे फोटो मागा, शक्यतो एका कुशीने पडलेल्या उजेडात घेतलेले. वरून झगझगीत दिवा टाकला की झीज दिसत नाही. 'दुर्मीळ', 'लकी', 'अँटिक' या शब्दांसाठी जास्तीचा रुपया देऊ नका. १९१२ म्हटलं की 'टायटॅनिकच्या सालचं' असं सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत. साल खरं आहे, त्या नाण्याचा बोटीशी संबंध काहीही नाही. विकणाऱ्याची गोष्ट पैसे देऊन विकत घेऊ नका. तुमच्या नाण्याची गोष्ट तुमच्या घरात आधीच आहे.

ग्रेडबद्दल थोडक्यात. विक्रेते 'गुड' लिहितात म्हणजे नाणं चांगलं आहे असा अर्थ होत नाही. नाण्यांच्या बाजारात 'गुड' म्हणजे पुष्कळ झिजलेलं, 'फाइन' म्हणजे झिजलेलं पण तपशील बऱ्यापैकी शिल्लक. तुमच्यासाठी 'गुड' आणि 'फाइन' यांच्या मधलं नाणं हवं: साल स्पष्ट वाचता यावं, राजाच्या दाढीचा आकार कळावा, केस मोजता येऊ नयेत. संग्राहकाच्या वहीत जे दोष असतात, म्हणजे कडेला खाच, एखादा ओरखडा किंवा गळ्यात घालायला पाडलेलं भोक, त्यांनी तुम्ही बिचकायचं कारण नाही. उलट भोक पाडलेली पेनी मिळाली तर मी हातात घेऊन थोडा वेळ थांबतो. कुणीतरी ती छातीशी बाळगलेली असते.

आणि असं करणारे तुम्ही पहिले नाहीत, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणारे कैदी जाण्याआधी पेनी, विशेषतः १७९७ ची जाडजूड तांब्याची पेनी, घासून पूर्ण गुळगुळीत करायचे आणि तिच्यावर बायकोसाठी, आईसाठी चार शब्द टोचून ठेवायचे. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी ३०० हून अधिक नाणी आहेत. राजाचं तोंड पुसून त्यावर आपल्या माणसाचं नाव. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? लक्ष्मीपूजनाच्या ताटातला राणीछाप रुपया बघा. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाने राणीचं नाक गेलेलं असतं, पण घरातली बाई तो विकत नाही. तिच्या सासूने त्याच रुपयाला कुंकू लावलेलं असतं. बाजारभाव तिला सांगून पाहा, ती तुमच्याकडे बघणारही नाही.

आता सगळ्यात कळकळीने सांगतो ते ऐका: नाणं हाती आलं की ते घासू नका. चिंच, लिंबू, कोकम, राख, तांब्या-पितळेची पावडर, टूथपेस्ट, यातलं काहीही नको. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका ओळखीच्या घरातून एक पेनी माझ्याकडे 'जरा उजळून द्या' म्हणून आली. मी चिंचेच्या कोळाने ती लखलखीत केली. ज्या बाईंची ती होती त्या म्हणाल्या, 'ही नव्हे, आमची काळी होती.' काळी परत कशी करणार? शंभर वर्षांचा तो थर मी दहा मिनिटांत काढून टाकला होता. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून मी कुणाचंही नाणं उजळून देत नाही.

मळ असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, पुसू नका. तेलकट किंवा चिकट असेल तर औषधाच्या किंवा रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन चालतं. नखांचा रंग काढायचं सुगंधी द्रावण नव्हे. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातला दिवा लांब. हिरवट पावडरीसारखा डाग दिसला तर तो कळंक आहे, कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवल्यावर येतो तोच. वेळूच्या कोरलेल्या काडीने हलकेच खरवडून तो निघतो. स्टीलची सुई लावू नका.

कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्याची काळजी हवी. वासाच्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नका, त्यातून काही वर्षांनी हिरवा चिकट द्राव सुटतो. नाण्याच्या मापाची कडक पारदर्शक डबी मिळते, ३१ मिलिमीटरची मागा, आणि डबीजवळ सिलिका जेलची पुडी टाका. गळ्यात किंवा किल्लीला लावायचं असेल तर सोनाराकडून भोक न पाडता, वितळलेल्या धातूने न सांधता, नुसतं कोंदण करून घ्या. आपल्या बायकांच्या पुतळ्या मूळच्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरूनच आल्या, तेव्हा परदेशी नाणं गळ्यात घालणं या मातीत नवं नाही.

कायद्याचं दोन ओळींत. बाहेरून नाणं मागवताना पाकिटावर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा, सीमाशुल्क लागलं तर भरा, पावती जपा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते आपल्याला भारताबाहेर पाठवता येत नाही. १९१२ ची पेनी त्यात मोडते. म्हणून उरलेल्या पेन्यांपैकी एक लेस्टरच्या भावालाच ठेवायची असेल तर ती त्याने तिथेच ठेवावी, इकडून परत पाठवायच्या भरीला पडू नका. शिवाय नाण्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकलात तर 'आम्ही लाखो रुपयांना घेतो, आधी नोंदणी फी भरा' असे फोन येतील. रिझर्व्ह बँकेच्या नावाचाही वापर करतात. बँकेने स्वतः २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे.

भेट देताना एक विनंती आहे. बाबांना 'तेच नाणं सापडलं' असं सांगू नका. मोह होईल, मला माहीत आहे. लोक माझ्याकडे येऊन तसं करायला मदत मागतात आणि मी नाही म्हणतो. आजोबांच्या नाण्यावर एखादी खूण असेल जी फक्त तुमच्या बाबांना माहीत आहे, आणि ती इथे नसेल. त्यापेक्षा एका कार्डावर खरं लिहा: हे आजोबांचं नाणं नाही, पण बहुधा त्याच सालचं, त्याच टांकसाळीचं, त्याच काळात त्याच बाजारात फिरलेलं आहे. खाली साल, टांकसाळ, वजन, कुठे मिळालं ते लिहा. पुढच्या पिढीला त्याचा उपयोग होईल.

त्या कार्डावर आणखी दोन गोष्टी लिहिता येतील. पेनीवर राजाच्या नावाभोवती लॅटिन अक्षरांची साखळी आहे, तिच्या शेवटी 'इंड इंप' अशी दोन त्रोटक शब्दांची अक्षरं आहेत. अर्थ: हिंदुस्थानचा सम्राट. झिजलेल्या नाण्यावरही ती बहुतेक वाचता येतात. १९४९ च्या नाण्यांपासून ती काढून टाकली. तुमच्या आजोबांनी लंडनच्या गोदीवर चहासाठी मोजलेल्या, दाढीवाल्या राजाच्या प्रत्येक पेनीवर ती होती. आणि दुसरी गोष्ट: त्या काळी रुपयाला १८ पेन्स पडायचे, म्हणजे एक पेनी आण्याहून थोडी कमी. मुंबईत उतरल्यावर एवढ्या नाण्याची मोड कुणी करून देत नसे. बोटीवरून आलेल्या माणसाच्या खिशात शेवटची पेनी उरायची ती अशी.

घरात आजोबांची नळी आहे का ते बघा. खलाशाच्या नोकरीचा दाखला पत्र्याच्या नळीत ठेवलेला असे, म्हणून दाखल्यालाच काही घरांत नळी म्हणतात. त्यात बोटींची नावं आणि तारखा मिळतील. शेवटच्या फेरीचं वर्ष सापडलं तर मला कळवा, आणि भावाने पेन्या पाठवल्या की सालाच्या बाजूचे फोटो पाठवा. 'एच' पुसट असेल तर ती कुठे शोधायची ते मी खूण करून दाखवीन.